वंशरत्न गंगम्मा

गंगाखेडच्या बाजारात नागप्पांचं कापडाचं दुकान होतं. कापड फाडायचं काम नागप्पांचं आणि बोलायचं काम त्यांच्या बायकोचं, म्हणजे गंगम्माचं. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली माणसं सकाळी गादीवर बसली की दुपारपर्यंत उठायची नाहीत, कारण गंगम्मा एकेका लुगड्याची चौकशी करायची.

"हे कुणाला?"

"नवरीच्या आत्याला."

"कोणत्या? जिंतूरला दिलेली का पालमला? पालमच्या आत्याला हिरवं नगा घेऊ. तिच्या सासूला हिरवं दिसलं की चक्कर येती."

तीस वर्षं हे असंच चाललं होतं. त्यातून झालं असं, की चौथी शिकलेली ही बाई नुसतं आडनाव ऐकून माणसाचा आजा, पणजा, आजीचं माहेर आणि भावकीत कुणाचं कुणाशी का बोलणं बंद आहे, हे पानात चुना लावता लावता सांगायची. तिला स्वतःला यात काही विशेष वाटत नव्हतं. ते वाटायला लागलं १९८६ सालच्या वैशाखात, राणीसावरगावच्या एका लग्नात.

बस्ता नागप्पांच्या दुकानचा होता, म्हणून नवराबायकोला आग्रहाचं आमंत्रण होतं. मुहूर्त जवळ आला, आणि नवरीमागं मामा म्हणून उभं कुणी राहायचं यावरून मांडवात भांडण जुंपलं. नवरीच्या आईला सख्खा भाऊ नव्हता. एका बाजूला गावातलाच सटवाजी फेटा बांधून तयार, दुसऱ्या बाजूला मानवतचा एक अडत्या कोट घालून तयार. दोघंही म्हणायचे, मामा मीच.

गंगम्मा बसल्या जागेवरून म्हणाली, "यात भांडायचं काय? सटवाजी हा नवरीच्या आईच्या सख्ख्या चुलत्याचा पोरगा. मानवतवाले सावत्र चुलत्याचे. सटवाजीला उभा करा आन् अक्षता वाटा."

सगळ्यांना पटलं होतं. तेवढ्यात गावातले निवृत्त ग्रामसेवक किशनराव पुढं आले. त्यांच्या बगलेत कागदाची एक भली मोठी गुंडाळी होती. ती त्यांनी दोन पोरांना दोन टोकांना धरायला लावली. आत तक्ता होता. चौकोन, गोल, रेघा. तक्त्यात मानवतवाला वर होता आणि सटवाजी खाली, एका कोपऱ्यात, तोही अर्धा शाईच्या डागाखाली.

"शास्त्रीय पद्धतीनं काढलंय," किशनराव म्हणाले. मग खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला एक कागद काढून त्यांनी सगळ्यांना फिरवून दाखवला. "नागपूरचं सर्टिफिकेट हाय. वंशरत्न. ब्याण्णव मार्कं. बाई, तुमच्याकडं काय हाय?"

गंगम्माकडं पानाचा डबा होता. मांडवातली माणसं कागदाकडं बघून माना डोलवायला लागली. मानवतवाला उभा राहिला. लग्न लागलं. गंगम्मा न जेवता निघाली, आणि नागप्पांना बुंदीचे दोन लाडू हातात घेऊन तिच्या मागं बसस्टँडपर्यंत पळावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत सटवाजी पायरीवर बसलेला. फेटा अजून डोक्यावर.

"काकू," तो म्हणाला, "तुमच्याकडं कागद असता तर मी आज मामा असतो."

हे वाक्य गंगम्माच्या काळजात रुतलं. तिनं आपला धाकटा भाऊ लिंगराज याला बोलावून घेतलं. लिंगराज साखर कारखान्याच्या ऑफिसात कारकून होता आणि पेपरातल्या बातम्या सोडून फक्त जाहिराती वाचायचा. महिनाभरात त्यानं पाहिजे तेवढी माहिती गोळा केली आणि एका रविवारी जेवणं झाल्यावर अक्काच्या पुढं मांडली. नागप्पा तक्क्याला टेकून ऐकत होते.

"औरंगाबादला विद्यापीठात इचारून आलो," लिंगराज म्हणाला. "असा कोर्सच न्हाई. तिथं सध्या विद्यापीठाच्याच नावाचं आंदोलन चालू हाय. येताना बस दोनदा अडली."

"ऱ्हाऊ दे मग. दुसरं?"

"पुणं. कुलवृत्त संशोधन वर्ग. तीन महिने तिथंच ऱ्हायचं. मोडी लिपी शिकवतेत. मॅट्रिकची अट हाय, पण वय बघून सूट देतेत म्हणं."

"तीन महिने?" नागप्पा तक्क्यावरून उठून बसले. "आन् भाकरी?"

"तुमच्या सात पिढ्या मला पाठ हायेत," गंगम्मा म्हणाली. "त्यात एकबी पुरुष भुकेनं मेलेला न्हाई. दोन जण जास्त खाऊन गेले."

नागप्पा परत टेकले.

"तिसरं नागपूर," लिंगराज जरा दबकत म्हणाला. "किशनरावांनी केला त्योच. पोस्टानं. घरबसल्या सहा महिने. अट कायीच न्हाई. पास झालं की सुटकेस आन् भिंग फुकट."

"त्यानं खाल्लेल्या ताटात मी जेवू?"

"सुटकेस चांगली हाय, अक्का."

चौथा मार्ग स्वतःच्या पायांनी दारात आला. लिंगायत घरांच्या पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवणारा हेळवा वर्षा-दोन वर्षांनी कर्नाटकातून यायचा, सजवलेल्या बैलावर बसून. नागप्पांच्या दारात त्यानं घंटा वाजवली, तेरा पिढ्या एका दमात म्हटल्या आणि सुपातल्या ज्वारीकडं बघितलं. गंगम्मानं सूप मागं ओढलं.

"आधी सांगा. तुमची इद्या शिकायला किती दिवस लागतेत?"

"बारा वर्स बैलाच्या मागनं चालायचं. मग सा वर्स बैलाच्या पुढनं. मग बैलावर."

"बाईमाणसाला शिकवता?"

हेळवा विचारात पडला. "आम्ची काय ना न्हाई. पण बैल लाजतो."

गंगम्मानं बैलाकडं बघितलं. बैलानं खरोखरच मान फिरवली. नागप्पा म्हणाले, "बग, पायजे तर दुकानात बैलाची सोय करतो. पण अठरा वर्सांनी तू सहासष्टाची हुशील. चढायला स्टूल लागंल." त्यावर गंगम्मानं सूप हेळव्याच्या पोत्यात रिकामं केलं आणि तो विषय मिटला.

राहिले पुणे आणि नागपूर. आता कपडा घेताना पोत बघतात, तसा गुरू घेताना घराणं बघावं, असं गंगम्माचं मत. तिनं लिंगराजला बसवून दोन्हीकडं सारखंच पत्र लिहायला लावलं. पत्रात सहा प्रश्न होते. शिकवणाऱ्यांचं मूळ गाव कोणतं, त्यांच्या आजीचं माहेर कोणतं, भावकीत वाद आहेत का, असे.

पुण्याहून आठ दिवसांत पत्र आलं. अक्षर सुंदर होतं. "आपल्या पत्रातील प्रश्न क्रमांक चार, अर्थात संचालकांच्या आजीचे माहेर, हा संस्थेच्या कार्यकक्षेत येत नाही."

"वंशावळी शिकवतेत आन् आजीचं माहेर कार्यकक्षेत न्हाई!" गंगम्मा म्हणाली. "हे म्हणजे हलवायानं साखर आमच्याकडं मिळत न्हाई म्हणल्यासारखं झालं."

नागपूरहून उत्तर आलं नाही, नुसतं माहितीपत्रक आलं. त्यात पहिल्या पानावर सुटकेसचं चित्र होतं आणि शेवटच्या पानावर 'नमुना वंशावळ'. विद्यार्थ्यांनी ही समोर ठेवून तशीच काढावी, अशी सूचना खाली होती. गंगम्मानं ती वंशावळ वाचली. मग चष्मा पुसून परत वाचली. मग दुकानात कापडावर खूण करायची लाल पेन्सिल उचलली आणि नमुन्यावरच लिहिलं:

"गोविंद, जन्म १८९१. त्याचा मुलगा माधव, जन्म १८८९. पोरगा बापापेक्षा दोन वर्सांनी थोरला हाय. ह्ये कसं? गंगम्मा, कापड दुकान, गंगाखेड."

लिंगराजनं तो कागद पाकिटात घालून परत पाठवला. लिंगराजच्या मते याचं उत्तर येणार नव्हतं. सटवाजी, जो आता रोज चहाला यायचा, तोही तेच म्हणाला.

आषाढात एके दुपारी दुकानापुढं एक माणूस येऊन उभा राहिला. सफारी सूट, अंगाला सैल. हातात माहितीपत्रकातल्या चित्रातली सुटकेस, तंतोतंत तीच. त्यानं चपला काढल्या, परत घातल्या, परत काढल्या.

"गंगम्मा कोण?"

"मी. बसा. बस्ता हाय का?"

"नाही. मी प्राचार्य सिताराम. नागपूर." तो गादीच्या अगदी कडेला बसला. "बाई, तो नमुना अकरा वर्षं छापतोय. चारशे विद्यार्थी झाले. कुणी विचारलं नाही. मीही बघितलं नाही."

"मग आता दुरुस्त करा. त्यासाठी एवढ्या लांब कशाला आलाव?"

सितारामांनी पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरला. "ती वंशावळ माझी आहे. माधव म्हणजे माझे वडील. मी सहा वर्षांचा असताना गेले. त्यांच्या वहीतून उतरवून घेतलं होतं, जन्मसालासकट. तुमचा कागद आला तेव्हापासून मला काही सुचत नाही. चारशे लोकांना मी वंशावळ शिकवली, आणि माझाच बाप माझ्या आजाहून थोरला!"

सटवाजीनं आपला चहा प्राचार्यांपुढं सरकवला.

गंगम्मानं पान लावलं. "तुमची ती पुस्तकं ऱ्हाऊ द्या बाजूला. मी इचारते तेवढं सांगा. कुलदैवत?"

त्यांनी सांगितलं, मूळ गाव वऱ्हाडातलं हेही सांगितलं. तसं कुलदैवत अर्ध्या जिल्ह्याचं होतं. मग तिनं विचारलं, घरात कोणती भाजी लावत नाहीत, पहिल्या बाळंतपणाला लेक कुठं पाठवतात, आई ओव्या कुठल्या म्हणायची. सिताराम आठवून आठवून सांगत होते आणि गंगम्मा मान हलवत होती. नागप्पांनी मधेच एका गिऱ्हाइकाला, "उद्या या, आज माणूस शोधायलेत," म्हणून परत पाठवलं.

"लग्नातलं सांगा. तुमच्या घरचं काही येगळं?"

प्राचार्य लाजले. "एक आहे. सांगायला बरं वाटत नाही."

"सांगा."

"आई म्हणायची, वडिलांच्या घराण्यात लग्न ठरलं की आधी कडूलिंबाला धोतर नेसवतात. मग बाकीचं. माझ्या लग्नात मामांनी नको म्हटलं. आई दोन दिवस जेवली नाही. शेवटी सायन्स कॉलेजच्या मागच्या लिंबाला गुपचूप नेसवून आलो. रखवालदारानं पकडलं."

गंगम्माचं पान तोंडातच राहिलं. तिनं नवऱ्याकडं बघितलं. नागप्पांच्या हातातला गज खाली आला.

"जादाचं धोतर," नागप्पा म्हणाले.

"जादाचं धोतर," गंगम्मा म्हणाली.

उभ्या मुलखात एकच घर असं होतं, जे दर बस्त्यात एक धोतर जास्त घ्यायचं आणि कुणाला म्हणून विचारलं की "लिंबाला" म्हणायचं. शिवाय त्या घरची म्हातारी, बायनाबाई, आणखी एक धोतर वेगळं बांधून घ्यायची आणि म्हणायची, "ह्ये वऱ्हाडात दिलेल्याचं." ते घर राणीसावरगावच्या किशनरावांचं होतं.

"चला," गंगम्मा म्हणाली, "चारची बस हाय."

बसमध्ये तिनं सगळं जुळवून सांगितलं. वऱ्हाडात गोविंद नावाचा कुणी लग्नानंतर लगेच वारला असणार. त्याच्या बायकोला वतन सांभाळायला दत्तक पाहिजे होता. लेकरू घेऊन काय उपयोग, लेकरालाच सांभाळावं लागलं असतं; म्हणून तिनं इकडचा चांगला वाढलेला बाप्याच मागून घेतला. तो माधव. "कागदानं तुमी गोविंदाचे," ती म्हणाली, "आन् रक्तानं सावरगावचे. पोरगा बापाहून थोरला, ह्ये बरुबर हाय. चुकलं येवढंच, की दत्तक लिहिलं न्हाई."

किशनराव ओसरीवर तक्ता काढत बसले होते. दारात प्रत्यक्ष प्राचार्य बघून ते ताडकन उठले, शाईची दौत लवंडली. "सर! तुमी? आमच्या घरी?"

"सर न्हवं," गंगम्मा म्हणाली. "चुलत चुलते. पाया पडा."

"कुणाचे?"

"तुमचे. तुमच्या आज्याच्या पाठचा भाऊ माधव, त्याचे हे चिरंजीव."

किशनरावांनी प्राचार्यांकडं बघितलं. किशनराव एकोणसाठ वर्षांचे, प्राचार्य छप्पन्नचे. "पण सर, तुमच्या तिसऱ्या धड्यात हाय, की कागदाचा पुरावा असल्याबिगर कोणतंच नातं मानू नये. म्हणून तर मी त्यो वऱ्हाडातला आजा काढलाच न्हाई परीक्षेच्या तक्त्यात!"

"आणि मी त्याच तक्त्याला ब्याण्णव मार्क दिले," प्राचार्य हळूच म्हणाले. "तिसरा धडा बदलावा लागेल."

आतून काठीचा आवाज आला. बायनाबाई, किशनरावांची आई, उंबऱ्यात उभी राहिली. तिला कमी दिसायचं. गंगम्मानं तिच्या कानाशी तोंड नेऊन दोन वाक्यं सांगितली. म्हातारी पुढं आली, प्राचार्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, कान चाचपले.

"कान आमचेच हायेत," ती म्हणाली आणि आत गेली.

बाहेर आली ती एक गाठोडं ओढत. आत धोतरं होती. सासूनं सांगितलं होतं, दिलेल्या लेकराचा वाटा लग्नात काढून ठेवायचा. म्हणून पासष्ट वर्षांत घरात झालेल्या प्रत्येक लग्नाचं एक, अशी एकोणीस. खालची पिवळी पडलेली, वरची कोरी. "लय उशीर केला बाबा यायला," बायनाबाई म्हणाली. "कसर लागती म्हणून दरसाल उन्हात घालते."

प्राचार्य सिताराम, ज्यांनी चारशे जणांना वंश म्हणजे काय ते पोस्टानं शिकवलं होतं, ओसरीवर बसून रडायला लागले. हातरुमाल सापडेना, म्हणून त्यांनी वरचं धोतर घेतलं. किशनराव वाकले आणि आपल्यापेक्षा तीन वर्षांनी लहान काकांच्या पायांवर डोकं ठेवलं. उठताना त्यांची कंबर धरली, आणि काकांनीच त्यांना उठवलं.

दुसऱ्या दिवशी नागपूरला परतण्याआधी प्राचार्य धोतरांच्या गाठोड्यासह दुकानात आले. सुटकेस उघडून एक कोरं सर्टिफिकेट काढलं. "नाव सांगा, बाई. आत्ता लिहून देतो. सुवर्णपदक लिहू?"

"परीक्षा न देता?"

"तुम्ही परीक्षा माझी घेतलीत."

"न्हाई," गंगम्मा म्हणाली. "पुण्यावाल्यांनी आजीचं माहेर सांगितलं न्हाई. तुमाला तुमचा आजाच ठाऊक न्हवता, पण कळल्याबरुबर बस धरून आलाव. मला तुमचाच कोर्स करायचाय. पण रीतीनं. धडे पाठवा, मी सोडवते."

सहा महिने धडे आले. लिंगराज वाचून दाखवायचा, गंगम्मा उत्तरं लिहायची. तिसरा धडा नवा होता. परीक्षेचा निकाल लागला तेव्हा ती पास झाली होती, चोपन्न मार्कांनी. शास्त्रीय चिन्हांचे वीस मार्क पूर्ण गेले होते. पुरुषाला चौकोन आणि बाईला गोल काढायचा असतो. गंगम्मानं पुरुषाला धोतर आणि बाईला लुगडं काढलं होतं, आणि प्रत्येक लुगड्याला काठ वेगळा. उरलेले मार्क अक्षरात गेले. किशनरावांनी मुद्दाम गंगाखेडला येऊन पेढे दिले आणि जाताना "आमचे ब्याण्णव" असं दोनदा म्हटलं. गंगम्मानं पेढे मोजून घेतले आणि त्यांना चहा पाजला.

सटवाजीनं सर्टिफिकेटला काच लावून आणली. नागप्पांनी दुकानावर पाटी रंगवायला पेंटरला बोलावलं. पेंटरनं विचारलं, काय लिहू. गंगम्मा गिऱ्हाइकात होती. नागप्पा म्हणाले, लिही काहीतरी वंशाचं. पेंटरनं मोठ्या लाल अक्षरात लिहिलं: "वंशरत्न गंगम्मा. येथे वंशाची सर्व कामे खात्रीने केली जातील."

पाटी वाळली नाही तोच, सकाळी साडेनऊला, मानवतकडचं एक तरुण जोडपं दुकानात आलं. सोबत सासू, नारळ, ओटीचं सामान. सासूनं सुनेला पुढं ढकललं.

"बाई, चार वर्सं झाली," ती म्हणाली. "पाळणा हलत न्हाई. वंश चालला पायजे. तुमचं औशीद लय गुणाचं हाय म्हणं."

नागप्पा घाईघाईनं तागा उघडून त्याच्या आड गेले. गंगम्मानं सुनेकडं बघितलं. पोरगी मान खाली घालून अंगठ्यानं गादीचा दोरा उसवत होती.

"औशीद माझ्याकडं न्हाई," गंगम्मा म्हणाली. "डॉक्टरला दाखवा, पोराला आधी. पण इतक्या लांब आलाव तर बसा. पोरी, तुझ्या आईच्या आईचं नाव काय?"

पोरीनं मान वर केली. तिला हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. "नर्मदाबाई," ती म्हणाली.

"कोणत्या नर्मदाबाई? तांबडं लुगडं नेसायच्या त्या?"

पोरगी सरकून पुढं बसली आणि सांगायला लागली.